दीडशे व्हेंटिलेटर आणि न सापडणारी पावती

एप्रिल 2021. आपल्या शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. दुसरी लाट ऐन भरात होती. माणसं रुग्णाला गाडीत बसवून सिडकोपासून बीड बायपासपर्यंत एका खाटेसाठी दवाखाने पालथे घालत होती. त्याच दिवसांत घाटी रुग्णालयाच्या नावावर केंद्राकडून 150 व्हेंटिलेटर आले. ज्यांचं माणूस आत तडफडत होतं, त्यांना या बातमीने धीर आला असणार.

मे महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे त्याच यंत्रांचा हिशेब मांडला गेला. 37 यंत्रांची खोकी अजून उघडलीच नव्हती. उरलेली 113 वापरायला काढली होती: 17 घाटीत, 41 खासगी रुग्णालयांत, 55 शेजारच्या जिल्ह्यांत. ही 113 यंत्रं सदोष असल्याचं न्यायालयाने आपल्या आदेशात नोंदवलं.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली आणि शहर पुढे सरकलं. मला मात्र ती खोकी विसरता येत नाहीत. पुढची साथ येईल तेव्हा आपल्यापुढे हाच प्रश्न असणार आहे, म्हणून हे मुद्दे लिहून काढतो आहे. माझं म्हणणं एकच आहे. सार्वजनिक पैशाने आलेल्या वस्तूची नोंद लोकांना पाहता येत नसेल, तर त्या वस्तूवर संकटात विसंबता येत नाही.

1. यंत्रं कुणाच्या पैशाने आली, याचंही सरळ उत्तर मिळालं नाही.

वृत्तपत्रांतल्या बातम्या वाचून खंडपीठाने कोविडच्या परिस्थितीची स्वतःहून दखल घेतली होती. न्या. रवींद्र घुगे आणि न्या. बी. यू. देबडवार यांच्यापुढे सुनावणी होती. घाटीतल्या डॉक्टरांच्या तक्रारी न्यायालयापुढे आल्या. ऑक्सिजन कोणत्या दाबाने आत येतो ते यंत्रावर दिसत नाही, चालू असताना मध्येच पडदा बंद पडतो, रुग्णाचा ऑक्सिजन खाली जातो. अतिदक्षता विभागात काम केलेल्या कुणालाही विचारा, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या बाबतीत यातली एकेक तक्रार म्हणजे जिवाशी गाठ.

सगळीकडे ही यंत्रं 'पीएम केअर्सचे व्हेंटिलेटर' म्हणूनच ओळखली जात होती. मे 2020 मध्ये पीएम केअर्स निधीतून 50,000 व्हेंटिलेटरसाठी 2,000 कोटी रुपयांची घोषणा झाली होती, त्यामुळे तसं समजणं स्वाभाविकच होतं. केंद्राने मात्र सांगितलं की राजकोटच्या ज्योती सीएनसी कंपनीची ही यंत्रं 'मेक इन इंडिया'तली आहेत, पीएम केअर्सच्या पैशातली नाहीत. शिवाय यंत्रांत खोट नाही, ती चालवणाऱ्यांना नीट प्रशिक्षण नाही, असा सूर केंद्राच्या प्रतिज्ञापत्रात होता. न्यायालयाला तो मुळीच रुचला नाही. एकमेकांवर ढकलण्यापेक्षा रुग्णांचं हित पाहा, असं खंडपीठाने सुनावलं. दिल्लीहून तज्ज्ञ डॉक्टर तपासणीला येणार असं ठरलं. 2 जूनच्या सुनावणीत न्यायालयाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. मोठी दुरुस्ती केलेली यंत्रं रुग्णांवर लावून पाहू देणार नाही, आणि सदोष यंत्रांच्या जागी चालणारी यंत्रं येतील हे पाहणं केंद्राचं काम आहे.

आता सामान्य नागरिकाच्या जागी उभं राहून पाहा. एक यंत्र त्याच्या गावातल्या दवाखान्यात आहे आणि बंद पडलं आहे. त्याला विचारायचं आहे की ते कितीला घेतलं, कुणी घेतलं, तपासलं कुणी, वॉरंटी कुणाकडे. तो पीएम केअर्सकडे गेला, तर हा निधी माहिती अधिकाराखालचं सार्वजनिक प्राधिकरणच नाही, अशी पंतप्रधान कार्यालयाची भूमिका. घाटीकडे गेला, तर खरेदी आम्ही केली नाही, आम्ही फक्त उतरवून घेतलं. कंपनीकडे गेला, तर तिचा व्यवहार सरकारशी, त्याच्याशी नाही. तीन दारं आणि तिन्ही बंद. हे शोधायला अखेर उच्च न्यायालयाला बसावं लागलं. दीडशे यंत्रांच्या पावतीसाठी दर वेळी उच्च न्यायालय लागणार असेल, तर ज्या दवाखान्याची बातमी छापून येत नाही तिथलं काय?

2. मी इथे लाच खाल्ल्याचा आरोप करत नाही.

हे स्पष्ट लिहिलं पाहिजे. या यंत्रांच्या व्यवहारात कुणी पैसे खाल्ले, असं कुठल्याही न्यायालयात सिद्ध झालेलं नाही. पण भ्रष्टाचार म्हणजे टेबलाखालून गेलेलं पाकीट, एवढाच अर्थ आपण घेत बसलो तर महामारीत काय बिघडतं ते कळणार नाही. सार्वजनिक पैशाची वस्तू निकामी निघते आणि त्याला जबाबदार कोण, हे सांगता येईल असा एकही कागद लोकांपुढे येत नाही. कागदाच्या या अभावातच चोराला आडोसा मिळतो, आणि प्रामाणिक माणसाला आपण निर्दोष आहोत हे दाखवता येत नाही.

3. आणीबाणीच्या खरेदीला कायद्यानेच दार उघडं ठेवलं आहे.

आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा. त्यातलं 50 वं कलम फार कमी लोकांनी वाचलं असेल, पण 2020 आणि 2021 मधल्या खरेदीचा पाया समजून घ्यायचा तर ते वाचायलाच हवं. आपत्तीत तातडीने वस्तू घ्यायची असेल तर निविदा काढायची गरज नाही, असं ते कलम म्हणतं. इथपर्यंत माझी तक्रार नाही. माणसं ऑक्सिजनवाचून मरत असताना एकवीस दिवसांची निविदा काढा असं कुणीही म्हणणार नाही.

त्याच कलमाचा पुढचा भाग मात्र काळजीचा आहे. नेमलेल्या नियंत्रण अधिकाऱ्याने वस्तू वापरल्याचं प्रमाणपत्र दिलं, की हिशेबासाठी तेच वैध व्हाउचर मानायचं. म्हणजे खरेदी ज्याच्या अखत्यारीत, वापर झाल्याची साक्षही त्याचीच. दोन रुपयांची खडूची पेटी घेणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाकडून आपण जास्त कागद मागतो. याच कायद्याच्या 53 व्या कलमात मदतीच्या पैशाचा किंवा साहित्याचा अपहार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे. पण अपहार झाला हे कळायला आधी मूळ हिशेब दिसावा लागतो, आणि तो कुठे मांडायचा हे 50 वं कलम सांगत नाही.

मुंबईत काय झालं ते आपण पाहिलंच. मृतदेहांच्या पिशव्यांची खरेदी, जम्बो केंद्रांची कंत्राटं, स्थलांतरित मजुरांसाठीची खिचडी, या सगळ्यांबद्दलचे गुन्हे आणि अटका 2023 आणि 2024 मध्ये गाजल्या. आरोप खरे की खोटे ते न्यायालय ठरवील. पण खिचडीचं वजन ताटात कमी पडलं असेल, तर ते त्याच दुपारी कळायला हवं होतं. तीन वर्षांनी तपास यंत्रणा येते तेव्हा जेवणारा मजूर कधीच बिहारला पोचलेला असतो. शिवाय तोवर सत्ता बदललेली असते, आणि प्रत्येक चौकशीला राजकारणाचा वास येतो. खऱ्या चोराला याच वासाआड लपता येतं.

4. इंजेक्शनचा बाजार.

त्या एप्रिलमध्ये माझ्या चुलतभावासाठी सहा रेमडेसिविर लिहून दिली होती. मी औरंगपुऱ्यात दुकानांपुढच्या रांगेत दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी एकाने बाजूला घेऊन सांगितलं, "दादा, मिळेल, पण पावती मागू नका." मी पैसे दिले. पावती मागितली नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, पण त्या रांगेतल्या प्रत्येकाने हेच केलं असतं, आणि बऱ्याच जणांनी केलंच. तो माणूस कोण होता, माल कुठल्या दवाखान्याच्या वाट्याचा होता, कुपीत खरं औषध होतं की पाणी, यातलं काहीच मला आजही सांगता येत नाही. भाऊ वाचला. इंजेक्शनने वाचला का, तेही माहीत नाही.

17 एप्रिल 2021 ला सरकारने या इंजेक्शनच्या किमती उतरवून घेतल्या, एका कंपनीची कुपी 2,800 वरून 899 रुपयांवर आली. बाजारात त्या दराने ती कुणाला मिळाली असेल तर तो नशीबवान. त्याच सुमारास महापालिकेच्या मेल्ट्रॉन कोविड केंद्रासाठी आलेल्या साठ्यातून 48 रेमडेसिविर गायब झाल्याचं उघडकीस आलं, खोक्यात भलतीच इंजेक्शनं निघाली. म्हणजे सरकारी साठ्यावरची नोंद एक आणि आतला माल दुसरा.

यातली सगळ्यात दुःखाची गोष्ट वेगळीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच रुग्णालयातल्या कोविड रुग्णांना हे औषध देऊ नये अशी सूचना केली होती, कारण मृत्यू कमी होतात असा पुरावा नव्हता. तरी घराघरांत त्याचं नाव संजीवनीसारखं घेतलं गेलं. टंचाई आणि काळाबाजार यांनी त्याचं मोल वाढवलं, आणि जे महाग व दुर्मिळ तेच गुणकारी, अशी समजूत पक्की झाली. लोकांनी दागिने मोडले, शेतं गहाण टाकली, आणि ऑक्सिजनची खाट मिळवण्यात जायला हवी होती ती धावपळ कुपीमागे गेली.

5. लहान भ्रष्टाचाराने आकडेच खोटे होतात.

नोव्हेंबर 2021 मध्ये मेल्ट्रॉनमध्येच आणखी एक प्रकार सापडला. बाधित निघालेल्या दोघांच्या जागी पैसे घेऊन दुसरेच दोन तरुण दाखल झाले होते. खरे बाधित बाहेर फिरत राहिले. त्याच महिन्यात जिल्ह्याचं लसीकरण मागे पडलं म्हणून पहिली मात्रा घेतल्याशिवाय पेट्रोल, गॅस, रेशन नाही, असा आदेश निघाला. हेतू चांगला होता. पण कागदावर पोट अवलंबून केलं की कागदाला किंमत येते. पुढे लस न टोचता प्रमाणपत्र विकणारे पोलिसांनी पकडले. दंडात सुई न जाता पोर्टलवर चढलेलं प्रत्येक नाव म्हणजे प्रशासनाने सुरक्षित समजलेला एक असुरक्षित माणूस. पुढच्या लाटेची तयारी त्याच आकड्यांवरून होते.

6. खासगी बिलं. मे 2020 मध्ये राज्याने खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांसाठी दर बांधून दिले: साधा विलगीकरण कक्ष 4,000, अतिदक्षता 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000 रुपये रोज. जून 2021 पासून आपल्या शहराच्या वर्गासाठी ते 3,000, 5,500 आणि 6,700 झाले. बिलं तपासायला लेखापरीक्षक बसवले. ही व्यवस्था चांगली होती, आणि जिथे ती प्रामाणिकपणे चालली तिथे लोकांचे पैसे वाचले. ज्यांना पक्कं बिलच मिळालं नाही, त्यांचं काय तपासणार? इथेही पुन्हा पावतीच आडवी आली.

7. महामारी नसताना घाटीत काय चालतं, ते पाहा.

घाटी म्हणजे आपलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, 1956 चं. जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलढाण्यापासून माणसं इथे येतात. ज्याला कुठेच जाता येत नाही तो घाटीत येतो. आणि तिथे आलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे चिठ्ठी. आत औषध नसतं, डॉक्टर बाहेरून आणायला चिठ्ठी लिहून देतात. एसटीने आलेला बाप ती हातात घेऊन दुकान शोधत फिरतो. निवासी डॉक्टरला शिव्या खाव्या लागतात, खरं तर त्याच्या हातात काही नसतं.

औषध का नसतं? 2017 मध्ये राज्याने सगळी खरेदी हाफकिन महामंडळाकडे दिली. मागणी, मंजुरी, निविदा, थकबाकी, पुरवठादारांचा नकार या फेऱ्यात ती अडकत राहिली. 2023 मध्ये तमिळनाडूच्या धर्तीवर वेगळं खरेदी प्राधिकरण स्थापायचा कायदा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात 24 मृत्यू झाले, त्यांत 12 नवजात बाळं होती. लगोलग आपल्या घाटीत 24 तासांत 18 मृत्यूंची बातमी आली. रुग्ण अत्यवस्थ अवस्थेत उशिरा आणले गेले, असं प्रशासन म्हणालं. ते खरंही असेल. उच्च न्यायालयाने तरी दखल घेतलीच.

टंचाईच्या मागून बनावट माल येतो. नागपूर जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांना पुरवलेली प्रतिजैविकं म्हणजे पिठाची आणि टाल्कम पावडरची वडी होती, असं 2024 मधल्या पोलीस तपासात निघालं. त्याच वर्षाच्या अखेरीस अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयातल्या गोळ्यांबद्दलही बनावटीचा गुन्हा दाखल झाला. अंबाजोगाई म्हणजे आपल्या दारातलं गाव.

हे नवंही नाही. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचं ग्लिसरॉल दिल्याने 14 रुग्ण दगावले. न्या. लेंटिन आयोगाने औषध कंपन्या, अन्न व औषध प्रशासन, रुग्णालयाची खरेदी आणि मंत्री, सगळ्यांचे धागे उलगडून दाखवले होते. तेव्हाचे आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावं लागलं. आज चाळीस वर्षांनी नागपूर आणि अंबाजोगाईची बातमी वाचताना त्या अहवालातलं आपण नेमकं काय अंमलात आणलं, हा प्रश्न मला पडतो. महामारी ही व्यवस्था बिघडवत नाही. आधीच सडलेल्या फळीवर ती एकदम हजार माणसांचं वजन टाकते.

8. "लोक मरत असताना कागद कोण बघत बसणार?"

या आक्षेपाला उत्तर दिलंच पाहिजे, कारण तो प्रामाणिक माणसंही घेतात. निविदा आणि प्रसिद्धी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निविदेला वेळ लागतो. झालेली खरेदी संकेतस्थळावर टाकायला दहा मिनिटं लागतात. युक्रेनने 2020 मध्ये हेच केलं. कोविडच्या खरेदीला निविदेतून सूट दिली, पण झालेला करार एका दिवसात, प्रत्येक नगाच्या दरासह, सार्वजनिक पोर्टलवर टाकणं बंधनकारक केलं. मग एका दवाखान्याने मास्क दुप्पट दराने घेतला की शेजारच्या गावातला पत्रकार ते दाखवून देई. उलट बोलिव्हियात स्पेनहून आलेले 170 व्हेंटिलेटर फुगवलेल्या दराने घेतल्याचं आणि ते अतिदक्षता विभागात चालतच नसल्याचं उघड झालं, आणि मे 2020 मध्ये तिथल्या आरोग्यमंत्र्याला अटक झाली. बोलिव्हिया आणि घाटी यांत समुद्रांचं अंतर आहे, पण न चालणारं यंत्र ताब्यात घेताना कुणी तपासलं, हा प्रश्न दोन्हीकडे तोच.

इतक्या दूर जायचीही गरज नाही. तमिळनाडूचं औषध महामंडळ 1994 पासून चालू आहे. तिथे प्रत्येक सरकारी रुग्णालयाला बँकेसारखं पासबुक असतं. किती रकमेचं औषध उचललं, किती शिल्लक, ते त्यात दिसतं. साठा तिथे संगणकावर दिसतो, आणि तपासणीत नापास माल वॉर्डापर्यंत जात नाही. आपण कायद्यात त्यांचं नाव घेतलं. पासबुक मात्र अजून आपल्या रुग्णाच्या नजरेस पडलेलं नाही.

9. यात प्रामाणिक माणूस भरडला जातो.

घाटीतल्या डॉक्टरांनी ही यंत्रं चालत नाहीत असं लिहून दिलं, म्हणून हे प्रकरण बाहेर आलं. बदल्यात त्यांना काय ऐकावं लागलं? तुम्हालाच चालवता येत नाहीत. पुढच्या वेळी एखादा विभागप्रमुख असं लिहायला धजेल का? दुसऱ्या बाजूला, तातडीने सही करून ऑक्सिजनची टाकी उभी करणारा अधिकारीही चौकशीच्या धास्तीने हात आखडता घेईल. खरेदी उघड्यावर मांडली तर दोघांनाही संरक्षण मिळतं. वॉर्डातल्या परिचारिकेलाही मिळतं, कारण औषध नाही हे तिला नातेवाइकांच्या तोंडावर सांगावं लागतं आणि त्यांचा राग तिच्यावर निघतो.

10. आता या शहरात काय मागायचं?

मुंबईकडे आणि दिल्लीकडे नंतर पाहू. घाटी, जिल्हा रुग्णालय, महापालिकेची आरोग्य केंद्रं आणि जिल्हा परिषद, इतकं आपल्या हातात आहे. दवाखान्याच्या दर्शनी भागात रोजचा औषधसाठा लावा. यंत्र कुठूनही येवो, ताब्यात घेताना ते चालवून पाहिल्याचा अहवाल, तपासणाऱ्याची सही, किंमत, पैसे देणाऱ्याचं नाव आणि वॉरंटीची तारीख संकेतस्थळावर टाका. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आत्ताच, शांततेच्या काळात, ठराव करावा की 50 व्या कलमाखाली होणारी प्रत्येक खरेदी 24 तासांत दरासह जाहीर होईल आणि वापराचं प्रमाणपत्र खरेदी करणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाचं असेल. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हा ठराव आहे. साथ आल्यावर तो होणार नाही.

महाराष्ट्राने 2002 मध्ये, देशाच्या तीन वर्षं आधी, माहिती अधिकाराचा कायदा केला. देशाच्या 2005 च्या कायद्यातलं चौथं कलम तर कुणी न मागताच माहिती जाहीर करा असं सांगतं. आणि जिवाशी संबंधित माहिती 48 तासांत द्यावी लागते.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. हा अंक खाली ठेवण्याआधी एक साधा कागद घ्या आणि घाटीच्या जनमाहिती अधिकाऱ्याला लिहा: 2021 मध्ये आलेल्या 150 व्हेंटिलेटरपैकी आज किती आपल्या ताब्यात आहेत, किती चालतात, किती परत गेले आणि प्रत्येकाची किंमत किती होती? अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. उत्तराची मुदत तीस दिवस.